दुधाचं बटण कोणतं

आमच्या घरची शेगडी ज्याने बनवली, त्याच्या घरी चहा हॉटेलातूनच येत असणार. वर चार बर्नर, दोन पुढे, दोन मागे. खाली चार बटणं, सगळी एका ओळीत, पंगतीला बसल्यासारखी. कोणतं बटण कोणत्या बर्नरचं, ते तुम्ही ओळखायचं. कंपनीने बाजूला बारीक ठिपके छापले होते म्हणे, पण आईच्या घासणीपुढे ते महिनाभरही टिकले नाहीत.

सायखेड्याला होतो तोवर आमच्याकडे दोन बर्नरची शेगडी होती. डावं बटण डावीकडचं, उजवं उजवीकडचं, विषय संपला. मग दादाला अंबडला कंपनीत नोकरी लागली, आई, दादा आणि मी असे आम्ही तिघं नाशकात फ्लॅटमध्ये आलो आणि पहिल्याच दिवाळीला दादाने आईसाठी ही चार बर्नरची आणली. आईने आजूबाजूच्या सगळ्या बायकांना बोलावून दाखवली. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे दूध उतू जायला लागलं.

म्हणजे व्हायचं असं, की दूध वर आलं की आई धावत यायची आणि बटण बंद करायची. बंद व्हायची डाळ. दूध आपलं निवांत ओट्यावरून खाली फरशीवर. कधी तव्याचं बटण म्हणून फिरवायची आणि मागचा रिकामा कुकर तापत बसायचा.

मला ही बटणं लवकर पाठ झाली. मी हुशार म्हणून नाही, मी नकलाकार म्हणून. कुणाची नक्कल करायची तर आधी त्याच्याकडे नीट बघत बसावं लागतं. आईची नक्कल बसवता बसवता बटणंही बसली. ती नक्कल माझा हुकमी आयटम होता. कमरेला पदर खोचायचा, चार बटणांवरून हात फिरवायचा, ज्योतिषी पत्रिकेवरून फिरवतो तसा, आणि पुटपुटायचं, "ह्ये... नाय, ह्ये... थांब, ह्ये." मग भलतीकडेच जाळ झाला की एकदम दोन पावलं मागे. आत्या आली की चहाच्या आधी म्हणायची, "ते गॅसचं करून दाखव रे." सगळ्यात जास्त आईच हसायची.

मी झोपायचो हॉलमध्ये. रोज सकाळी स्वयंपाकघरातून हाक यायची, "आरं, दुधाचं कोन्तं रं?" मी पांघरुणातूनच, डोळे न उघडता, जांभईत गुंडाळून उत्तर द्यायचो, "डाऽवीकडून दुसरंऽ." मग टिक टिक टिक, भप्प, आणि माझा दिवस सुरू. तिने दादाला कधी विचारलं नाही. दादाकडे पगार होता, गाडी होती. माझ्याकडे दुधाचं बटण होतं.

मग दादाचं लग्न झालं. वहिनी घोटीची. पहिल्याच आठवड्यात तिनेही दूध ओट्यावर सोडलं. मी लगेच तिचीही नक्कल करून दाखवली, ती तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं, बरंय, आता विचारणाऱ्या दोन जणी झाल्या.

तो आनंद दसऱ्यापर्यंत टिकला.

दसऱ्याला आमच्याकडे गाडी, शिलाई मशीन, विळी, गॅस, सगळ्यांची पूजा. त्या वर्षी गॅसची पूजा वहिनीने मागून घेतली. मी बघतोय तर ही बाई एका बटणाला फक्त हळद लावतेय, दुसऱ्याला फक्त कुंकू, तिसऱ्याला चंदन आणि चौथ्याला चक्क बुक्का. आणि वर ज्या त्या बर्नरशेजारी त्याच रंगाचं बोट.

"वहिनी, शेगडी माळकरी झाली का?" मी म्हटलं.

"भाऊजी, बघा तर," ती म्हणाली. "हळदीचं बटण, हळदीची चूल. दूध हळदीवर ठेवायचं."

आई बघतच राहिली. मग तिने हळदीचं बटण फिरवलं. हळदीच्या बर्नरवर जाळ. कुंकवाचं फिरवलं. कुंकवाच्या बर्नरवर जाळ. चारही करून बघितले तिने, लहान पोरासारखं. मग वहिनीच्या गालावरून बोटं उतरवून कडाकडा मोडली. "लय डोकं हाय गं पोरी तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती टिक टिक टिकने. हाक आलीच नाही. मी पांघरुणात तयार होतो, जांभईसुद्धा धरून ठेवली होती.

पुढचे दोन दिवस मी वाट बघितली की ते रंग पुसले जातील. पण आईची घासणी आता त्या बोटांना वळसा घालून जायला लागली. "पूजेचं हाय," म्हणायची. कंपनीचा छापा महिन्यात साफ करणारी बाई ही. आणि जरा फिकट झालं की वहिनी शुक्रवारी देवांसोबत गॅसलाही नवीन बोटं लावायची. पुसायची सोयच नाही.

शेजारच्या काकू बघायला आल्या. त्यांनीही जाऊन त्यांच्या गॅसला हळद-कुंकू केलं. आत्या आली, मी न सांगताच पदर खोचायला टॉवेल घेतला, तर आई म्हणाली, "र्‍हाऊ दे आता ते. आता कुठं चुकती मी? ये, तुला वयनीनं काय केलंय ते दावते." आत्या आत गेली. मी हॉलमध्ये टॉवेल खोचून उभा.

खरं सांगतो, मला त्या हळदीचा राग यायचा. वहिनीचा नाही येत असं नाही, पण वहिनी माझ्या ताटात गरम पोळी वाढायची, त्यामुळे तिचा उघड राग धरता येत नव्हता. हळद काही वाढत नव्हती.

असं वर्ष गेलं. पुढच्या दसऱ्याला घोटीला वहिनीच्या भावाची वास्तुशांत निघाली. दादा-वहिनी आदल्या दिवशीच एसटीने गेले. आई म्हणाली, "गाडीची नि गॅसची पूजा तू कर."

मी गाडी नंतर धुतली. आधी शेगडी घेतली. चारही बटणं काढून गरम पाण्यात टाकली, वरचा पत्रा आरशासारखा केला. आणि मग चारही बटणांना आपल्या रीतीप्रमाणे हळद आणि कुंकू, दोन्ही. सगळ्यांना सारखं. वर बर्नरशेजारीही तसंच. भेदभाव नाही. आईने बघितलं, नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मी अंधारातच जागा झालो. पांघरूण तोंडापर्यंत ओढलं. पातेलं ठेवल्याचा आवाज आला. चार बटणं तिच्यासमोर, चारही जुळी. मी जांभई जुळवली.

टिक टिक टिक, भप्प.

थोड्या वेळाने दूध वर येतानाचा तो सर्रर्र आवाज, आणि बटण बंद केल्याचा खट. एक थेंबही सांडला नाही. वर्षभर हळदीकडे बघून बघून तिच्या हाताला पाठ झालं होतं. चहा पण चांगला झाला होता, हे आणखी वर.

संध्याकाळी वहिनी परत आली. पाय धुतले, पदर खोचला, सगळ्यांचा चहा ठेवायला आत गेली. आई हॉलमध्ये वाती वळत बसलेली, मी तिच्या शेजारी मोबाइल घेऊन. आत ती आपले रंग शोधत असणार. मग जरा वेळाने बारीक आवाज आला.

"भाऊजी... दुधाचं कोणतं हो?"

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी मोबाइल ठेवला. घसा साफ केला. मान जरा मागे टाकली, जांभईसाठी.

आईने वातीवरची नजर काढली नाही. डोळे अर्धे मिटले, ओठ खाली सोडले, आणि हुबेहूब माझ्या आवाजात, झोपेत बोलल्यासारखी ओरडली,

"डाऽवीकडून दुसरंऽ."