आडवी लागलेली गोळी

ही हकीकत मी बारा वर्षं टाळली. कुणी विषय काढला की बैलांना पाणी दाखवायचंय म्हणून उठायचो. बैल विकले, तरी उठायचो.

मी फौजेत बंदुका दुरुस्त करायचो. लढाई पाहिली नाही. पण आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजर होतो, तसा मीही झालो आणि कुणाला दुरुस्त केलं नाही.

वडीगोद्रीच्या आमच्या बाजूला कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात रानडुकरं वाढली. तोड सुरू झाली की डुकरं उभ्या उसात मागं मागं सरकतात. शेवटी चार-सहा गुंठ्यांचा पट्टा उरतो आणि सगळा कळप त्यात दाटतो. तो पट्टा पाडायच्या दिवशी वनखात्याची परवानगी घेऊन बंदूकवाला उभा करायचा, अशी रीत पडली होती. बंदूक माझ्या शेजाऱ्याची, नेम माझा. दोघांच्याही नावानं परवाने होते.

आदल्या साली बारच्या दणक्यानं उसाच्या गाडीचे बैल उधळले आणि एका बाईचा हात चाकाखाली गेला. म्हणून या खेपेला आवाज कमी हवा, असं शेजाऱ्याचं म्हणणं पडलं. आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणारी गोळी हवेत कडाडत नाही. पण हळू गोळीत मार राहावा म्हणून ती जड घ्यावी लागते, आणि जड म्हणजे लांब. लांब गोळीला नळीच्या आतल्या आट्यांचा पीळ घट्ट लागतो. भोवरा जोरात फिरला तर उभा राहतो, कमी फिरला की लवंडतो. गोळीचं तसंच आहे.

शेजाऱ्याची रायफल त्याच्या वडिलांची, हलक्या आणि वेगवान गोळीसाठी केलेली. मी गजाला घट्ट चिंधी लावून तो नळीतून सारला आणि गजावरची खूण बघत राहिलो. अख्खी नळी संपली तरी खुणेचा एक फेरा पुरा झाला नाही, म्हणजे पीळ सैल होता. मी त्याला सांगितलं, ही नळी जड गोळीला चालायची नाही, घट्ट पिळाची बसवून घ्यावी लागेल, महिना जाईल. पण कारखान्याची ऊसतोडीची टोळी तीन दिवसांवर आली होती. चहाच्या हॉटेलात दहा माणसांदेखत तो म्हणाला, "मेजर, फौजेत नुसतं तेलपाणीच करत व्हते का? डुकराला कुठं पीळ मोजता येतो?"

माणसं हसली. मला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी मी कालव्याच्या भरावाला जाड कागद लावून बार काढले. वीस पावलांवर भोक जवळजवळ गोल पडलं. चाळीस पावलांवर गोळीची अख्खी आडवी आकृती कागदात कापली गेली होती, तीही नेमापासून वीतभर खाली. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि शेजाऱ्याला सांगितलं, चालतंय, जवळून मारीन.

पट्टा पाडायचा दिवस उजाडला. दव सुकल्यावर मी सगळ्या तोडकऱ्यांना पलीकडच्या ट्रॉलीवर चढवलं. एकाला मात्र खाली ठेवलं. तिशीतला, हसरा गडी. तो आणि त्याची बायको तीर्थपुरीजवळच्या वस्तीवरून जोडीनं तोडीला आले होते. त्याच्या हातात मी तेलाचा रिकामा डबा दिला आणि कालव्यातून शेतात येणाऱ्या चारीच्या वळणावर त्याला उभा केला. डुकरं त्या अंगाला आली तर डबा वाजवायचा, म्हणजे ती माझ्याकडं वळतील. काही झालं तरी जागा सोडायची नाही, असं त्याला बजावलं.

"तुमची बंदूक हाये ना, मेजर? मंग मी कशाला पळतो?" तो म्हणाला.

कुत्री उसात घातली. आधी माद्या आणि पिलं फुटली. पलीकडच्या कडेला उभ्या गावच्या माणसांनी कोयत्यांनी आणि कुऱ्हाडींनी तिथंच त्यांची खांडोळी केली. चिरकण्यानं कान फुटायची वेळ आली. एक कुत्रं आतडी ओढत बांधावर आलं आणि तिथंच बसलं. मग मोठा नर बाहेर पडला. चाळीस पावलं असतील, जास्तच. वीस पावलांच्या पुढं मारायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. तरी मारलं.

आवाज खरंच कमी झाला. गाड्यांच्या बैलांनी मान वर केली नाही. मी खांद्याच्या मागं नेम धरला होता, गोळी पोटात आडवी लागली. नर बसला, उठला आणि डब्याच्या आवाजाकडं वळला. तो गडी डबा वाजवत राहिला. माझ्याकडं बघत, वाजवत राहिला. मी दुसरी गोळी भरेपर्यंत डुक्कर त्याच्या अंगावर गेलं होतं. सुळा मांडीत शिरला आणि वर जांघेपर्यंत फाडत गेला. तो पडल्यावरही डुक्कर त्याला उलथत होतं. मी नळी डुकराच्या कानाला टेकवून बार काढला. मग डोक्याचं उपरणं सोडून मांडी आवळली. रक्त उपरण्यातून माझ्या बोटांवर गरम येत राहिलं. अंबडच्या वाटेवर, जीपमध्ये, ते आपोआप थांबलं.

पंचनाम्याच्या वेळी जमादारानं विचारलं, हा खाली कसा? मी म्हणालो, "ट्रॉलीवर थांब म्हणलं होतं. ऐकलं न्हाई." ट्रॉली उसापलीकडं होती, माझं बजावणं तिथं कुणाला ऐकू गेलं नव्हतं. शेजारी माझ्याजवळच उभा होता, त्यानं ऐकलं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तो गप्प राहिला. माझं वाक्य कागदावर उतरलं. गोळीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

दोन वर्षांनी मी तो घडी घातलेला कागद घेऊन त्या गड्याच्या बायकोच्या दारात गेलो. मला पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला, लेकीला पाण्याला पाठवलं आणि ती माझ्या पाया पडली. म्हणाली, मेजरबाबा, तुम्ही सोताच्या डोक्याचं उपरणं सोडून बांधलं, तेवढं कुणी करत न्हाई. मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेक तांब्या घेऊन आली आणि ती लेकीला म्हणाली, "हेच ते. ह्यांनी सांगितल्तं तुझ्या बापाला, वर थांब म्हणून. ऐकलं असतं तर आज असता. तू तरी मोठ्यांचं ऐकत जा."

मी पाणी प्यालो. कागद खिशातच राहिला. जांब समर्थला दर्शनाला चाललो होतो, वाटेत डोकावलो, असं काहीतरी सांगून निघालो.

ती यंदाच्या उन्हाळ्यात गेली, मेलेल्या नवऱ्याला न ऐकणारा माणूस म्हणतच. तिला सांगायचं होतं ते एवढंच होतं: बाई, तुझा माणूस मी सांगितलेल्या जागेवरच उभा होता. त्यानं शेवटपर्यंत माझं ऐकलं. नळी चुकीची आहे हे मला ठाऊक होतं. मला माफ कर.