हणमंतआबांचा लोण्या

विंझरच्या शाळेत शिकवत असताना ज्यांच्या घरात मी भाड्याने राहत होते, त्या हणमंतआबांचं नाव निघालं की मला त्यांची सकाळ आठवते. ओट्यावर ऊन आलेलं असायचं. आबा भिंतीला पाठ टेकून मांडी घालून बसलेले. सहा फुटी देह, पांढऱ्या मिशा, आयुष्यभर एसटीचं स्टिअरिंग वळवून रुंद झालेले पंजे. आणि मांडीवर जुन्या टॉवेलात एक पांढरा ससा. डोळ्यांवर चष्मा, हातात बारीक दातांची फणी. ते सशाची पाठ, पोट, मानेखालचा भाग अशी सगळी जागा केस उलटे करून तपासायचे, मग कान सरळ करून आत बॅटरी मारायचे. दोन-दोनदा बघून झालं तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही.

"काय सापडलं का, आबा?" मी शाळेत जाता जाता विचारायची.

"आज न्हाई," ते मान वर न करता म्हणायचे. "दिसली न्हाई म्हंजी न्हाईच, असं नसतंय बाई. पिसू लई हुशार."

याच माणसाला मी गोठ्यात बैलाच्या कानातले गोचीड नुसत्या बोटांनी ओढून दगडावर चिरडताना पाहिलं होतं. त्याच हाताने ते विडी पेटवायचे. जनावर म्हणजे कामाचं, असा त्यांचा हिशेब. गावात कोणी कुत्र्याचं पिल्लू आणलं की "त्ये राबनार काय?" एवढंच विचारायचे. असा माणूस सशापुढे फणी घेऊन का बसला, हे सांगायचं तर त्यांच्या नातीपासून सुरुवात करायला हवी.

त्यांचा मुलगा संतोष भोरला नोकरीला. तो, सून मनीषा आणि त्यांची एकुलती एक मुलगी आर्या. ससा आर्याचा. पांढराशुभ्र म्हणून तिने त्याचं नाव लोण्या ठेवलं होतं. ती तिसरीत असताना तिला सारखा ताप येऊ लागला, अंगावर काळेनिळे डाग दिसू लागले, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा कर्करोग असल्याचं सांगितलं. औषधांनी तिच्या अंगातली आजाराशी झुंजायची ताकदच कमी होणार होती. घरात जनावर नको, पाखरू नको, फुलदाणीसुद्धा नको, अशी ताकीद मिळाली. लोण्याला द्यायचं म्हटल्यावर आर्याने जेवण सोडलं. शेवटी संतोषने फोन लावला आणि आबा म्हणाले, "हितं आन त्येला. म्या बगतो."

संतोष मोटरसायकलवर पुढे खोकं बांधून ससा घेऊन आला तो दिवस मला आठवतो. हौसाकाकू, म्हणजे आबांच्या पत्नी, खोक्यात डोकावून म्हणाल्या, "ह्ये एवढंसं? ह्येला मांजर उचलून न्हेईल की." आबांनी कोंबड्यांचं डालगं धुऊन वाळवलं, खाली गवत अंथरलं आणि ते स्वतःच्या खाटेशेजारी ठेवलं. गोठ्यात नाही, घरात. काकूंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

आबांची एक खोड सगळ्या खोऱ्याला माहीत होती. न पाहिलेल्या गोष्टीची ते कधी ग्वाही देत नसत. एसटीवर असताना नसरापूरच्या स्टँडवर कोणी विचारायचं, "वेल्ह्याला पोचंल का वेळेत?" तर आबा म्हणायचे, "निघालोय, एवढं खरं." माझ्या आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा शाळेतले सगळे, गल्लीतले सगळे मला सांगत होते, काही होणार नाही, काळजी करू नका. आबा म्हणाले, "काय व्हईल त्ये म्या कसं सांगू? तुमी जावा. खोलीची चावी माज्याकडं ठिवा." तेव्हा मला ते फार कोरडं वाटलं होतं.

आर्याला मात्र आजोबांची ही रीत नेमकी ठाऊक होती. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. "आबा, लोण्या बरा आहे ना?" असं तिने विचारलं की आबा लगेच हो म्हणायचे नाहीत. "थांब, बगून सांगतो." मग फोन तसाच उघडा ठेवून ते डालग्याशी जायचे, लोण्याने काय खाल्लं, लेंड्या कशा आहेत, नाक ओलं आहे का, ते सगळं पाहायचे आणि येऊन सांगायचे. पलीकडे ती टोपी घातलेली, गाल सुजलेली पोर शांतपणे वाट बघत असायची.

पिसवांची भीती मात्र वेगळीच होती, ती त्यांनी एकदा मला बोलून दाखवली. दर आठवड्याला ते भोरला नातीला भेटायला जायचे. जाण्याआधी गरम पाण्याने अंघोळ, धुतलेलं धोतर, नवा रुमाल. "माज्या कापडातनं एक पिसू गेली बाई, अन् ती पोरीला चावली म्हंजी? डॉक्टर म्हनला, साधं खरचटलं तरी तिला जड जाईल." मी म्हटलं, पाहिजे तर काही दिवस ससा दुसरीकडे ठेवा. ते म्हणाले, "म्या बगतो म्हनून सांगितलंय तिला."

पावसाळा संपत आला होता. एका रविवारी दुपारी शेजारची मांजर डालग्याला चिकटून झोपलेली आबांना दिसली. तिला हाकलून त्यांनी लोण्याला बाहेर काढलं, आणि फणी फिरवताना मानेपाशी एक पिसू उडाली. मग दुसरी दिसली. मी खोलीत वह्या तपासत होते, तिथे मला त्यांचा आवाज आला, "हौसे, पानी ठिव." त्या आवाजात मी कधी न ऐकलेली घाई होती. दुसऱ्या दिवशी त्यांना भोरला जायचं होतं. आर्याची पुढची औषधं सुरू व्हायच्या आधीची ती भेट होती. वेल्ह्याचा जनावरांचा दवाखाना रविवारचा बंद. आबांनी कोनाड्यातली बैलांच्या गोचिडांच्या औषधाची बाटली काढली, बैलाला घालतात त्याहून बरंच जास्त पाणी घालून ते पातळ केलं आणि फडक्याने लोण्याच्या सगळ्या अंगाला लावलं.

संध्याकाळपर्यंत ससा थरथरू लागला. उडी मारायला जायचा आणि कुशीवर पडायचा. कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली तरी तोंड उघडेना. आबांनी त्याला स्वतःच्या बंडीत गुंडाळून छातीशी धरलं.

सकाळी पहिल्या एसटीने ते त्याला पिशवीत घालून वेल्ह्याला गेले. भोरची भेट राहिली. मी शाळेतून आले तर आबा ओट्यावरच होते, लोण्या मांडीवर. डॉक्टरांनी त्याला कोमट पाण्याने पुसून घेतलं होतं, सुई दिली होती. "गुरांचं औषध सशाला चालत न्हाई म्हनला," आबा म्हणाले. "पातळ केलं तरी न्हाई. वाचंल का, इचारलं, तर म्हनला, सांगता येत न्हाई. खरं बोलला मानूस."

दुसऱ्या दिवशी दुपारी लोण्या गेला. आबांचा हात त्याच्या पाठीवर होता. श्वास थांबल्यावरही त्यांनी तो बराच वेळ उचलला नाही. मग गोठ्यामागे शेवग्याखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला.

संतोषला कळवल्यावर त्याचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच होते. "आबा, तिला यातलं काही बोलू नका. मी पुण्यातून तसाच पांढरा ससा आणतो. व्हिडिओत तिला कळणारपण नाही." मागून मनीषाचा रडवेला आवाज आला, "आबा, तुमच्या पाया पडते. तिची ही औषधं होऊन जाऊ देत. मग काय सांगायचं ते सांगा." मलाही तेच शहाणपणाचं वाटलं आणि मी तसं म्हटलंही. खरं सांगायचं तर आजही मला ठामपणे म्हणता येणार नाही की मनीषाचं चुकत होतं.

आबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. संध्याकाळी फोन वाजला की ते उठून शेताकडे निघून जायचे. काकू सांगायच्या, रेंज नाही. असं काही दिवस चाललं. मग एका संध्याकाळी आर्याने माझ्या मोबाईलवर फोन केला. "बाई, आबांकडे द्या ना." आबा समोरच बसले होते. त्यांनी हात पुढे केला.

"आबा, लोण्या दाखवा."

"लोण्या गेला, बाळा."

"कुठे?"

"मेला. त्येच्या अंगावर पिसवा झाल्या. म्या त्येला गोचिडाचं औषध लावलं. त्ये त्येला सोसलं न्हाई. माज्या हातनं झालं."

पडद्यावर तिचा चेहरा थोडा वेळ दिसला, मग छत दिसलं, मग फोन बंद झाला.

त्या आठवड्यात आर्याला ताप चढला आणि तिला पुन्हा पुण्याला दाखल करावं लागलं. ताप कशामुळे आला हे कोणालाच सांगता येईना. अशा मुलांना तो येतोच, असं डॉक्टरांचं म्हणणं. पण संतोषने आबांना फोन करून सांगितलं, "आता तुम्ही फोन करू नका आबा. आम्ही करू." आवाज चढवला नव्हता त्याने. आबा "बरं" म्हणाले आणि फोन काकूंच्या हातात दिला.

पुढचे दिवस वाईट गेले. आबा बोलायचेच कमी, आता बंदच झाले. जेवायला बसायचे आणि अर्ध्यातून उठायचे. काकूंनी डालगं परत कोंबड्यांना दिलं. एकदा मी म्हटलं, "आबा, ताप काही तुमच्यामुळे नाही आला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमाला काय ठावं?" रागाने नाही, नुसतं विचारलं.

मग एका सकाळी मला मनीषाचा फोन आला. आर्याच्या मणक्यात सुई द्यायची होती. आधी एकदा दिली होती तेव्हा सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की मुंगी चावल्यासारखं होतं. या वेळी ती पलंगाच्या कडेला गच्च धरून बसली होती, कोणाला अंगाला हात लावू देत नव्हती. "एकच म्हणतेय, बाई. आबांना बोलवा, ते खोटं सांगत नाहीत."

मला सुट्टी होती. मी आबांबरोबर गेले. एसटीत ते पुण्यापर्यंत खिडकीशी बसून होते. दवाखान्यात त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, नर्सने सांगितलं त्याहून जास्त वेळ. तोंडाला मास्क लावून ते आत गेले. मी दाराशी उभी राहिले.

आर्या किती लहान दिसत होती. डोक्यावर केस नव्हते. ती आबांकडे बघत राहिली.

"आबा, दुखेल का?"

"दुकंल."

"किती?"

"मला कवा टोचलं न्हाई तितं. कसं सांगू? तू माजं बोट धर. जेवडं दुकंल तेवडं दाब. मंग मला बी कळंल."

मनीषाने तोंड फिरवलं. मग आर्याने हळूच विचारलं, "लोण्याला दुखलं का?"

"व्हय," आबा म्हणाले. त्यांनी नजर काढून घेतली नाही. "दुकलं त्येला."

"मग तुम्ही काय केलं?"

"पाठीवर हात ठिवून बसलो. दुसरं काय करता येत न्हवतं."

तिने विचार केला. मग ती कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले आणि त्यांचा तो भलामोठा पंजा ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. दुसऱ्या हाताने त्यांचं बोट धरलं. डॉक्टर आत आले तेव्हा मी दारातून बाजूला झाले. आतून तिची किंकाळी ऐकू आली, एकदाच.

परतताना आबा म्हणाले, "बाई, लई दुकतं हो तिला." त्यांच्या बोटावर तिच्या नखांच्या खुणा होत्या. त्या दिवसापासून दर सुईला आबा जात राहिले. संतोषच त्यांना घ्यायला यायचा. उपचार लांबले, मध्ये दोनदा सगळं बिनसलं, आणि तरी ती त्यातून बाहेर आली. आता ती भोरला शाळेत जाते. तपासणीला अजून पुण्याला जावं लागतं, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत घरात कोणी नीट जेवत नाही.

माझी बदली भोरला झाली. गेल्या पावसाळ्यात भाताची आवण, म्हणजे लावणी, चालू असताना आबा बांधावर बसले ते उठलेच नाहीत. मी विंझरला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आर्या काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. केस खांद्यापर्यंत वाढले होते. मनीषा मला ओट्यावर घेऊन गेली. तिथे ऊन आलं होतं.

"पुढच्या महिन्यात तपासणी आहे, बाई," ती म्हणाली. "आणि मला कालपासून एकच सुचतंय. काही कमीजास्त निघालं, तर आता हिला कोण सांगणार?"