आईची मशीद

"नॉट हिअर, डिअर. धिस इज अ ज्युइश होम."

असं म्हणून रूथने माझ्या आईच्या ओठांवर बोट ठेवलं. लहान पोराला गप्प करताना ठेवतात तसं.

शुक्रवारची संध्याकाळ. केअर होमच्या डायनिंग रूममध्ये शब्बाथच्या, आठवड्यातल्या पवित्र दिवसाच्या, मेणबत्त्या लावलेल्या. रूथ तिथली व्हॉलंटियर, रिटायर्ड हेडटीचर. शुक्रवारची प्रार्थना तीच घ्यायची. प्रार्थना संपली आणि आई व्हीलचेअरमध्ये बसल्याबसल्या गायला लागली. मराठीत. धर्मग्रंथातल्या योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं, त्याचं कीर्तन. पेणला तिच्या वडिलांनी शिकवलेलं.

आईने त्या बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मशिदीतून बाहेर काढतायत का गं आपल्याला?"

त्यातला एकच शब्द रूथला कळला. "मशीद? इज शी मुस्लिम?"

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले मराठी ज्यू. आमच्यात सिनेगॉगला मशीद म्हणतात, पूर्वीपासून. एवढंच सांगायचं होतं. रूथने आईची खुर्ची कॉरिडॉरमध्ये नेली. मी मागोमाग गेले. आत सगळ्यांनी सूप प्यायला सुरुवात केली, चमच्यांचा आवाज येत होता. मला राग आला नाही. काहीच आलं नाही.

मी इल्फर्डला एका फार्मसीच्या काउंटरवर काम करते. लहानपणी आईबाबांबरोबर इथे आले. तेव्हापासून समजावत आलेय. शाळेत ज्यू मुली म्हणायच्या, तू तर इंडियन. इंडियन मुली म्हणायच्या, तू तर ज्यू. एकदा दिवाळीला आईला मराठी लोकांच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. ती हौसेने नऊवारी नेसली होती. एका गृहस्थांनी आडनाव विचारलं. गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं आडनाव ऐकून ते खूश झाले. मग कुणाचे कोण हे विचारता विचारता आमचा धर्म कळला. त्यांचा चेहरा बदलला नाही, फक्त आवाज बदलला. म्हणाले, "अरे वा. पण तुमचं मराठी किती छान आहे हो."

आई जन्मभर मराठी बोललेली बाई. तिने हात जोडले आणि "थँक्यू" म्हणाली. इंग्रजीत.

नंतर तिला डिमेन्शिया झाला. आधी इंग्रजी गेलं. मग रस्ते, माणसं, मी. मराठी राहिलं.

होममध्ये वैशाली नावाची एक केअरर होती. नागपूरची, बौद्ध. व्हिसावर आलेली. आईचं बोलणं कळणारी तिथली ती एकटीच. "आजी, दोन घास खाऊन घ्या ना," ती म्हणायची आणि आई तोंड उघडायची. इतर कुणी कितीही 'ओपन वाइड' म्हटलं तरी दात घट्ट मिटून बसायची.

त्या शुक्रवारनंतर मॅनेजरने वैशालीला बोलावून घेतलं. ड्यूटीवर इंग्रजीच बोलायचं. दुसऱ्या भाषेत बोललं की बाकीच्या रहिवाशांना परकं वाटतं.

मंगळवारी मी गेले तर वैशाली आईसमोर चमचा धरून बसली होती. मुकाट. आईचं तोंड बंद. ताटातलं जेवण गार झालेलं.

"बोल ना तिच्याशी," मी म्हटलं.

वैशालीने दाराकडे बघितलं. "ताई, माझा व्हिसा यांच्या हातात आहे. घरी माझ्या भरवशावर चार माणसं आहेत." मग हळूच म्हणाली, "मला मनातल्या मनात म्हणावं लागतं. आजी, खा. पण त्यांना ऐकू येत नाही."

"आई, दोन घास खा," म्हणत मी चमचा घेतला. आई माझ्या हातून खायला लागली. मला ओळखत नव्हती, भाषा ओळखत होती.

पुढच्या शुक्रवारी मी कामावरून लवकर निघाले. डायनिंग रूममध्ये अगदी मधल्या टेबलाशी आईची खुर्ची लावली. मेणबत्त्या लागल्या. प्रार्थना झाली. आई गायला लागली. रूथ उठली, हसत हसत आली आणि खुर्चीच्या हँडलला हात घातला.

मी तिचं मनगट धरलं.

"हिला हलवायचं नाही."

मराठीत म्हणाले. ठरवून नाही, तेच आलं. मग इंग्रजीत सांगितलं की माझी आई प्रार्थना करतेय. आमची प्रार्थना अशी असते. तुम्ही बसा.

आईचं चालूच होतं, फाटक्या आवाजात.

रूथ दुखावल्यासारखी झाली. तिने मनापासून विचारलं, "बट वेन डिड युअर फॅमिली कन्व्हर्ट?"

"नेव्हर," मी म्हटलं.

ती पुढच्या वाक्याची वाट बघत होती. ते वाक्य मला पाठ होतं. जहाज फुटलं, पूर्वज किनाऱ्याला लागले, शब्बाथ म्हणून शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवायचे, म्हणून गावाने शनवार तेली म्हटलं. शाळेपासून कितीतरी लोकांना हे ऐकवलंय. आमच्यावर विश्वास ठेवा म्हणून. त्या दिवशी नाही ऐकवलं. रूथ तशीच उभी राहिली, मग जाऊन बसली.

सोमवारी मॅनेजरला भेटले. आईशी मराठीत बोलायची परवानगी द्या, ती उपाशी राहतेय, आणि हे मी सांगतेय, वैशाली नाही. त्याने आईला दुसरीकडे 'जास्त रुळता येईल' असं सुचवलं. मी म्हटलं, ती ज्यू आहे, हे ज्युइश होम आहे, ती इथेच राहील. त्याने परवानगी दिली. लेखी नाही, तोंडी. माझ्याकडे न बघता.

आई हिवाळ्यात गेली. त्या आठवड्यात वैशाली तिच्याशी बोलत होती, शेवटपर्यंत.

कबरीच्या दगडाचं ठरवायला गेले तेव्हा इथल्या ज्यू समाजाचे एक गृहस्थ बरोबर होते. भले गृहस्थ. दगडवाल्याने विचारलं, काय कोरायचं.

"वर हिब्रू. खाली मराठी."

"आणि इंग्रजी?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"नाही."

ते समजुतीच्या स्वरात म्हणाले, "पण येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांना वाचता कसं येणार?"

"नाही येणार," मी म्हटलं.