उलट्या डोक्याचं गिऱ्हाईक

मी अकरावीला होते त्या वर्षी बाबांनी चंद्रपूरहून एक आरसा आणला.

अहेरीत बाजाराच्या रस्त्याला लागून आमचं केस कापायचं दुकान होतं. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे आम्ही तिघं. वस्तरे, पावडर, ब्रश आणायला बाबा चंद्रपूरला जायचे आणि दर खेपेला न ठरवलेलं काहीतरी घेऊन यायचे. या वेळी हा आरसा होता. जेवायच्या ताटाएवढा, गोल, आणि मधोमध जरासा खोलगट.

"पाह्य," म्हणत त्यांनी तो आईच्या नाकाशी धरला. "एक एक केस दिसते. दाढी करताना गिऱ्हाईक खूश होऊन जाईन."

आईला गालावरचा तीळ बोराएवढा दिसला. तिने आरसा दूर लोटला. "मले नका दाखवू. तुमच्या गिऱ्हाइकाईले दाखवा."

बाबांनी खुर्चीसमोरचा जुना सपाट आरसा काढला आणि हा नवा तिथे टांगला. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता.

पहिले आले ते प्राणहितेच्या काठचे एक म्हातारे. मासे विकून झाले की दाढी करायला ते आमच्याकडेच यायचे. सगळे त्यांना काकाजी म्हणत. ते खुर्चीत टेकले, मान वर केली, आणि दोन्ही हातांनी खुर्ची गच्च धरली.

"अरे बाप्पा, मी उलटा काऊन दिसून राह्यलो?"

बाबा त्यांच्या मागून वाकले. आरशात बाबांचंही डोकं खाली, कंगवा वर. बाकावर बसलेली माणसं उठून आली. रस्त्यावरची माणसं आत आली. एकाने मान वाकडी करकरून, जवळजवळ गुडघ्यापर्यंत नेऊन पाहिलं आणि जाहीर केलं, "आता काकाजी सरळ दिसून राह्यले!" काकाजी स्वतः इतके हसले की गालावरचा साबणाचा फेस नाकात गेला. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी आरसा उतरवला, जुना परत लावला आणि नवा पडद्याआड माझ्याजवळ आणून ठेवला.

"लुबाडलं मले त्या चंद्रपूरच्या दुकानदारानं," एवढंच म्हणाले.

मी तेव्हा आत बसून नेमका आरशांचाच धडा करत होते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मी अकरावीत इंग्रजीशी झगडत होते, पण या धड्यात भाषेपेक्षा चिन्हं जास्त छळत होती. सर सांगायचे, सगळी अंतरं आरशाच्या मध्यापासून मोजा. येणाऱ्या उजेडाच्या दिशेने मोजलं तर अधिक, उजेडाच्या उलट मोजलं तर उणे. मी ते पाठ केलं होतं, पण पटलं नव्हतं. अंतर उणे कसं असेल? अहेरी ते आलापल्ली रस्ता कधी उणे असतो का? त्यामुळे उत्तर उणे आलं की मी चुपचाप उणे खोडायची. आणि सर ते उत्तर चूक ठरवायचे.

त्या दिवशी काकाजींचं लटकलेलं डोकं डोळ्यांसमोरून जाईना. दुपारी गर्दी ओसरल्यावर मी तो आरसा घेऊन अंगणात गेले. सूर्य इतका लांब असतो की त्याचे किरण आरशासमोर एका ठरावीक बिंदूपाशी, त्याच्या नाभीपाशी, गोळा होतात, हे धड्यात होतं. आरसा उन्हात धरून मी समोर कागद पुढे-मागे केला. ठिपका लहान लहान होत गेला, आणि एका जागी कागदातून धूरच निघाला.

"घर जाळतं का वं!" आई ओरडत आली. पण आलीच होती, म्हणून मी तिच्याकडून शिवणाचा टेप मागून घेतला. आरशापासून ती जागा तीस सेंटिमीटरवर होती. मग दुकानात जाऊन भिंतीपासून खुर्चीतल्या डोक्यापर्यंत मोजलं. नव्वद.

आता गणित. उजेड डोक्याकडून आरशाकडे जातो, मी आरशापासून डोक्याकडे मोजते, म्हणजे उलट. डोकं उणे नव्वद. नाभी त्याच बाजूला, उणे तीस. सूत्रात घातलं, तर प्रतिमा उणे पंचेचाळीसवर आली. या वेळी मी उणे खोडलं नाही. प्रतिमा आरशाच्या मागे नव्हतीच! ती आरसा आणि खुर्ची यांच्या मध्ये, हवेत होती. प्रतिमा डोक्याच्या किती पट ते काढलं, तर उणे अर्धी. म्हणजे अर्ध्या आकाराचं आणि उलटं. अगदी काकाजीच.

मग डोकं वीस सेंटिमीटरवर आणून पाहिलं. उत्तर अधिक साठ, आरशाच्या मागे, तिप्पट मोठं, सुलटं. हा आईचा तीळ.

मी पळत बाबांकडे गेले. "बाबा, आरसा खराब नाई. खुर्ची दूर आहे."

"मंग खुर्ची भिंतीत घालू का?"

"आरसा पुढं आणा. तोंडापासून वितीवर."

त्यांनी आरसा माझ्या हातात दिला, तोंड त्याच्याजवळ आणलं आणि हळूहळू मागे सरकत गेले. तोंड मोठं होत होत फिसकटलं, नुसतं धूसर झालं, आणि आणखी मागे गेल्यावर उलटं होऊन उभं राहिलं. त्यांनी ते तीन-चारदा केलं. शेवटी त्यांनाही हसू आलं. त्याच आठवड्यात वेल्डिंगवाल्याकडून त्यांनी एक लोखंडी हात बनवून घेतला. सपाट आरसा भिंतीवर राहिला आणि खोलगट आरसा त्या हाताला लागला. दाढी झाली की बाबा तो ओढून गिऱ्हाइकाच्या तोंडाशी आणत. पुढे सहामाहीत मला आरशांच्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले. विजेच्या प्रश्नाला मिळाले नाहीत, पण तो निराळा विषय.

त्याआधी, पुढच्याच बाजारी काकाजी आले ते बायकोला घेऊन. बाया आमच्या दुकानात कधी येत नसत, त्यामुळे बाकावरच्यांनी सरकून जागा केली.

"तो उलटा आरसा कुठी आहे?" काकाजींनी विचारलं. "इले दाखवाचा आहे. घरी सांगतलं तं खोटं म्हणते."

बाबांनी म्हातारीला खुर्चीत बसवलं आणि आधी आरसा मोठ्या अभिमानाने तिच्या तोंडाशी आणला. तिने स्वतःला बराच वेळ पाहिलं. हनुवटी फिरवली, कपाळाला हात लावला.

"एवढ्या सुरकुत्या?"

मग बाबांनी आरसा भिंतीकडे ढकलला. तिथे ती लहान झाली, उलटी झाली, सुरकुत्या दिसेनाशा झाल्या. म्हातारीने पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "उलटीच बरी आहो मी."