बोत्स्वानाचे हत्ती आणि माझा रविवार

आजचा चहा फुकटचा होता, पण मला तो अख्ख्या रविवाराला पडला.

दिग्रसला माझ्या बियाण्याच्या दुकानाशेजारी सुधाकरभाऊंचं हार्डवेअर आहे. मला चहा पाजून ते फोनवर आफ्रिकेतली बोत्स्वानाची सफारी ठरवत बसले. माझे कान तिकडेच.

"तंबूसमोर हत्ती पाणी प्याले येतीन ना?"

जळलो, खोटं कशाला बोलू? फोन ठेवल्याबरोबर म्हणालो, "भाऊ, इतक्या दूर कायले जाता? आपल्या टिपेश्वरच्या जंगलातला वाघ तं मले नावानं ओळखते!"

भाऊ खूश. "मंग रविवारी दाखव ना लेका! आफ्रिकेआधी सराव होईन." लगेच जिप्सी बुक केली.

मित्रांनो, तिथे वाघ कुठल्या बाजूला दिसतो? टिपेश्वरच्या गेटातून मी आजवर एकदाही आत गेलेलो नाही.