शेवटच्या नळावरचा दाब

११ सप्टेंबर, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. टेकाडावरच्या वस्तीतल्या शेवटच्या नळाला मी घड्याळासारखी तबकडी असलेला गेज लावला आणि काटा १२.४ मीटरवर स्थिरावला. नळातले पाणी स्वतःच्या जोरावर किती उंच चढेल, ते हा आकडा सांगतो. मी आखलेल्या नव्या जलवाहिनीचे काम सुरू होण्यापूर्वी याच नळावर तो तीन होता. पुरस्कार समितीच्या दोन ज्येष्ठ अभियंत्यांनी माझ्या नोंदवहीत सह्या केल्या. त्यांपैकी एक लष्करातून निवृत्त झालेले होते. "उत्तम," एवढेच ते म्हणाले.

लष्करी आणि नागरी सेवेतील अभियंत्यांसाठीचा तो पुरस्कार चारच दिवसांनी, अभियंता दिनी, सोलापुरात जाहीर व्हायचा होता. पाणीपुरवठा विभागाने माझे नाव पाठवले होते. मला तो पुरस्कार हवा होता. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या कचेरीत माझ्या नकाशांवर आधी हसू उमटे आणि मग शेरा, तिथे मला भिंतीवर चौकट लावायची होती. पूर्ण पुरवठ्यावरची ही पहिलीच मोजणी होती आणि निकाल तिच्यावरच ठरणार होता.

माझे गणित मात्र नऊच्या पुढे जात नव्हते. प्रत्यक्ष मोजमाप गणितापेक्षा चांगले निघाले की विद्यार्थ्याने खूश व्हावे. अभियंत्याने थांबायला हवे. मी थांबले नाही. समितीबरोबर कचेरीत चहाला गेले.

दुपारी खालच्या, विणकरांच्या गल्लीतून तक्रार आली. मी पोहोचले तेव्हा एक तेलुगू आजी रिकामी घागर पायरीवर पालथी घालून बसल्या होत्या.

"वर मोठे साहेब आले होते म्हणे. तुमच्या घड्याळाला पाणी आलं. आमच्या घागरीला नाही आलं."

"आता डायरेक्ट पंधराला," शेजारची सून म्हणाली. "तोपर्यंत मॅडमच्या घरी येतो आम्ही आंघोळीला. काय मॅडम?"

जमलेल्या बायका हसल्या. आजी हसल्या नाहीत. आमच्याकडे पाणी तीन दिवसांआड येते. एक पाळी चुकणे म्हणजे काय, ते मला कागदावर ठाऊक होते.

गल्लीच्या तोंडाशी झाकण उघडून मी लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवली आणि बंद होईपर्यंत आटे, म्हणजे चावीचे पूर्ण फेरे, मोजले. पाच भरले. या व्हॉल्व्हला चौदा आटे उघडे ठेवायचे, हे मीच तक्त्यात लिहिलेले होते.

चावी सांभाळणारे आमचे एक कर्मचारी पूर्वी लष्कराच्या अभियांत्रिकी पलटणीत होते. फौजेतून आलेल्या माणसाला, हुद्दा कोणताही असो, आमच्याकडे मेजरच म्हणतात. बार्शीकडचे, बोलायला मोजके. त्यांना बोलावून घेतले.

"मेजर, सकाळी हा व्हॉल्व्ह किती आट्यांवर होता?"

"पाच." ते अडखळले नाहीत. "पाहणी हुती न्हवं मॅडम. पलटणीत पाहणी असली की आमी पुलाचा बोल्ट अन् बोल्ट पुसून ठिवायचो. सायबाच्या समोर आपला मानूस कमी पडाया नगं. म्हनून वरच्या बाजूला जरा जादा दिलं."

"आणि खाली?"

त्यांनी घागरींकडे पाहिले. "तुमी खाली उतरला की परत उघडनार हुतो. सायबांनी चार गोष्टी इचारल्या पलटणीच्या. बोलत बसलो. ध्यानातनं गेलं."

म्हणजे १२.४ पैकी काही मीटर माझे नव्हतेच. ते या गल्लीचे होते.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांना सांगितले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आकडा समितीने स्वतः पाहिलाय. तुम्ही खोटं काही लिहिलेलं नाही."

"चूक कळल्यावर गप्प राहिले तर ते खोटंच होईल, सर."

"पुन्हा मोजायला पाणी पंधरालाच येणार. तोवर यादी झालेली असेल. त्यांना आजच आकडा लागतो. विचार करा, बाई. दुसरं नाव तयारच असतं."

मी विचार केला. पत्र सहा ओळींचे झाले: ११ तारखेचे वाचन ग्राह्य धरू नये, खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह ठरलेल्या स्थितीत नव्हता, वाचनापूर्वी ती स्थिती तपासण्याची जबाबदारी माझी होती व मी ती पार पाडली नाही. मेजर दारात उभे होते. त्यांनी ते वाचायला मागितले.

"ह्यात माझं नाव न्हाय."

"नाही."

"चावी माझ्या हातात हुती. लिवा की."

"गेज माझ्या हातात होता, मेजर. आटे मोजल्याशिवाय मी तो लावायला नको होता."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली. "मंग बक्षीस गेलं म्हना."

"गेलं."

"लई वंगाळ झालं," ते म्हणाले, आणि पत्र स्वतःच पोहोचवायला निघाले.

तेरा तारखेला समितीचे उत्तर आले: पत्राची नोंद घेतली, नाव या वर्षी विचारात घेता येणार नाही. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. त्यात कोणताही त्याग नव्हता. भूक नव्हती, इतकेच.

१५ सप्टेंबरला पहाटेच आम्ही दोघे खालच्या गल्लीत गेलो. मेजर प्रत्येक आटा मोठ्याने मोजत होते आणि मी नोंदवहीत रेघा ओढत होते. बारा. तेरा. चौदा. आजींच्या नळाने आधी हवा सोडली, मग पाणी. त्यांनी घागर सरळ करून नळाखाली ठेवली आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "हं."

मग आम्ही टेकाड चढलो. शेवटच्या नळाला गेज लावला, काटा थरथरायचा थांबेपर्यंत वाट पाहिली. वही मेजरांपुढे धरली आणि समितीच्या सह्यांखाली, त्याच पानावर, त्यांच्यादेखत लिहिले:

सकाळी ६.४०. खालचा व्हॉल्व्ह चौदा आटे उघडा. दाब ८.६ मीटर.