विचारतोय तर येऊ द्या

माझ्या साडूंसारखा पाहुणचार करणारा माणूस उभ्या वसई तालुक्यात सापडायचा नाही, आणि त्याच पाहुणचारानं माझ्या डोक्याचं पार भजं झालंय. आगाशीला त्यांची वाडी, वाडीत घर आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला फोनवर ॲप. ॲप म्हटलं की ते परवानग्या मागतं. राहता कुठे, फोनमध्ये नंबर कोणाकोणाचे, ऐकू का, बघू का. शहाणा माणूस नाही म्हणतो. आमचे साडू सगळ्यांना हो म्हणतात. दारात येऊन विचारणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. केळी न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याला ते जेवल्याशिवाय सोडत नाहीत, तिथे बल्ब काय चीज! बल्बाला पत्ता कशाला हवा, असं मी विचारलं तर म्हणाले, "रात्रभर आपल्याकडे राहतो, घर कुठंय ते नको कळायला त्याला?" किटलीला आवाज ऐकायचा होता. "उकळी ऐकत असेल." वजनकाट्याला फोनमधले सगळ्यांचे नंबर दिलेले. त्यावर मी गमतीनं उभा राहिलो, तर मी घरी पोचायच्या आत माझं वजन बायकोच्या फोनवर हजर. त्या दिवसापासून माझा भात निम्मा झाला. मी चिडून म्हटलं, "अहो, ही माहिती जाते कुठे, कोण कोणाला विकतं, ठाऊक आहे का तुम्हाला?" तर शांतपणे, "विचारतोय तर येऊ द्या हो. न विचारता घुसणारे काय कमी आहेत?" यावर माणसानं कपाळ कुठे आपटावं?

मग त्यांनी ओटीवर कॅमेरा बसवला. दारात कोणी आलं की फोन वाजणार, माणूस दिसणार, बोलणंही ऐकू येणार. इथवर ठीक. पण गावाला जाताना घराची किल्ली शेजारच्या मावशींकडे ठेवायची, ही त्यांच्याकडे वडिलांपासूनची पद्धत. त्याच हिशेबानं साडूंनी कॅमेऱ्याचा पासवर्डही शेजारी दिला. मावशींचा फोन साधा, म्हणून त्यांच्या सुनेच्या फोनवर ॲप घालून दिलं. गावाहून परत आल्यावर ते काढा असं मी म्हटलं तर म्हणाले, "किल्ली कधी परत मागतो का आपण?"

मावशी रोज दुपारी त्या ओटीवर येऊन माझ्या मेहुणीपाशी मन हलकं करायच्या. एके दिवशी सुनेचा विषय निघाला. वाईटसाईट काही नाही. "माझ्याशी धड दोन शब्द बोलत नाय गं ती," म्हणाल्या आणि डोळे पुसले. सून तेव्हा अंधेरीला कचेरीत. तिचा फोन वाजला, तिनं बघितलं, आणि शब्द न शब्द ऐकला. संध्याकाळपासून होते ते दोन शब्दही बंद झाले. रात्री मुलानं सांगितलं तेव्हा कुठे मावशींना कळलं, की ओटीवरचा कॅमेरा ऐकतोही.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी किल्ली झोपाळ्यावर ठेवली आणि साडूंना म्हणाल्या, "ही घे बाबा. रडायला एक ओटी होती माझी, ती पन तू दुसऱ्याला दिलीस."

इतके दिवस मी 'सांगत होतो ना' हे वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. पण साडूंचा चेहरा बघून ते तोंडातून निघेना. त्यांनी स्टुलावर चढून कॅमेरा उतरवला, सुनेपुढे जाऊन हात जोडले, चूक माझी म्हणाले. हळूहळू सून जेवढ्यास तेवढं बोलू लागली. मावशींनी किल्लीही परत नेली. साडू किटलीला अजून हो म्हणतात, त्यांना कोण सुधारणार! पण नवीन काही आणलं की मला आधी हळूच विचारतात, "याला कान आहेत का हो?"

मावशी पुन्हा ओटीवर येतात. बसण्याआधी एकदा वर भिंतीकडे बघतात, आणि मग उठेपर्यंत केळींबद्दलच बोलतात.